मी सुधारून लिहिलेलं पत्र

हे मी माझ्या नवऱ्याला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायचं म्हटलं तरी तो नाही. मुलीला सांगता आलं असतं. पण तिला मी लहानपणापासून शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा खोटं बोलण्यावरून जास्त रागावत आले — तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तसं फार मोठं काही नाही, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत होते. चोरी केली नाही, कुणाला फसवून काही घेतलं नाही. एका पत्राची भाषा सुधारली. मराठीच्या बाईनं दुसरं काय करायचं असतं?

मुलुंडच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती. वर्गात भांडुप-विक्रोळीकडची पुष्कळ मुलं अशी, की ज्यांचे वडील दिवसभर घरीच असत. माझी नेमणूक तात्पुरती होती. दर एप्रिलला संपायची, आणि जूनमध्ये पुन्हा मिळणार की नाही ते जूनमध्येच कळायचं. अशी सहा वर्षं काढली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे — आधी कारण म्हणूनच सांगायची, स्वतःला. आता नुसतं सांगते.

त्या वर्षी कॉलेजला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका निघणार होती, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि एकाहत्तरच्या युद्धात लढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा संगमरवरी फलक लायब्ररीच्या जिन्यापाशी बसवायचं ठरलं होतं. समिती नेमली. समितीत सगळ्यात कनिष्ठ मी, तेव्हा नावं शोधायचं काम माझ्याकडे आलं.

सहा नावं मिळाली. पाचजण पदवी घेऊन अधिकारी झालेले, पाचही युद्धातून सुखरूप परतलेले. त्यांचे पत्ते मिळाले, फोटो आले, एकानं तर छातीवरच्या पदकांसकट रंगीत फोटो पाठवला. सहावा वसंत. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतला, मूळचा मालवणकडचा. वडील लहानपणीच गेलेले. आई काचेच्या कारखान्यात बाटल्या धुवायची. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, परीक्षेचा फॉर्मही न भरता तो साधा शिपाई म्हणून पायदळात भरती झाला, आणि वर्ष-सव्वा वर्षात त्या डिसेंबरच्या लढाईत पूर्वेला मारला गेला.

सहांपैकी मेला तो एकटाच. आणि समितीत वाद झाला तो त्याच्याच नावावरून. त्यानं पदवी पूर्ण केली नाही, मधेच कॉलेज सोडलं, मग तो आपला विद्यार्थी कसा? एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे अगदी सौम्यपणे विचारलं. प्राचार्य पेन्सिल फिरवत बसले होते. मला राग आला. खरंच आला — तो राग खोटा नव्हता, एवढं तरी माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते. मी म्हटलं, जो मेला त्याचंच नाव नको, तर फलक कशाला हवा? आणि मग, सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा, मी म्हटलं, "त्याचं पत्र आहे आपल्याकडे. आघाडीवरून लिहिलेलं."

पत्र होतं. हे खोटं नाही.

आदल्याच आठवड्यात आमच्या विभागाचं जुनं कपाट आवरताना ते मला सापडलं होतं. हजेरीच्या वहीत घातलेलं निळं आंतर्देशीय पत्र, कडा नीट कापून उघडलेलं. आधीच्या विभागप्रमुखांच्या नावानं आलेलं. ते सर तोवर वारले होते. त्यांनी ते वाचलं असणार. पुढे काय करायचं त्यांच्या मनात होतं, कोण जाणे — पत्र पोहोचेपर्यंत कदाचित बातमीही पोहोचली असेल. सरांना दोष देऊन माझा भार हलका होत नाही.

काय होतं त्या पत्रात? पहिल्या चार ओळी सरांना. त्या साध्या, पुस्तकी मराठीत. त्यानं लिहिलं होतं: आईला वाचता येत नाही. चाळीतले जे गृहस्थ पत्रं वाचून दाखवतात, ते वाचलेलं सगळ्या चाळीला सांगतात. म्हणून घरच्या पत्रात मी ‘खुशाल आहे’ यापलीकडे काही लिहीत नाही. सर, तुम्ही एकदा सवडीनं जाऊन पुढचा मजकूर आईला एकटीला वाचून दाखवाल का? आणि मग खाली, बारीक अक्षरात, मालवणी.

ते मला आजही जवळजवळ पाठ आहे. "आये, हयसर थंडी खूब पडता. बुटात पाय सुजतत. माका भय वाटता, पण तां मी कोणाक सांगूक नाय." मग शेजारच्या खाटेवरचा साताऱ्याचा गडी घोरतो कसा, ते. मग पेज आणि सुका बांगडा. आणि मग — ज्यासाठी पत्र लिहिलं होतं, ते. "तू त्या दिसा डबो घेवन कॉलेजच्या गेटार इलंस. पोरांनी इचारल्यानी, ही कोण. मी सांगलंय, शेजारची बाय. तू आयकलंस, माका म्हायत आसा. घराक इलंय तेव्हा तू काय एक बोलूक नाय. जेवक वाढलंस. तां माझ्या मनातसून जायत नाय. मी परत इलंय काय तुका कॉलेजात घेवन जातलंय आणि सगळ्यांका सांगतलंय, ही माझी आवस."

आवस म्हणजे आई. मी नाशिककडची, मला मालवणी नीट येत नव्हती, पण हे कळायला भाषा यावी लागत नाही.

मग मी ते तसंच का दिलं नाही?

सांगते. समितीसमोर मी ते पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिलं, आणि मला ते अपुरं वाटलं. ‘भय वाटता.’ सुजलेले पाय. सुका बांगडा. आईला शेजारीण म्हटल्याची कबुली. हे वाचून त्या पेन्सिल फिरवणाऱ्या माणसांचं मत बदललं असतं? मला वाटलं, उलट झालं असतं. घाबरलेला, आईची लाज वाटणारा मुलगा — त्याचं नाव फलकावर? मला त्याचं नाव लागायला हवं होतं. आणि हेही सांगून टाकते: मला जिंकायचं होतं.

प्राचार्य म्हणाले, पत्र बघू द्या. मी म्हटलं, शाई पुसट झाली आहे, स्वच्छ प्रत काढून देते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर बसून मी ती प्रत काढली. नवरा आतल्या खोलीत रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होता. मला तासभरही लागला नाही. सुरुवात ‘माते’ अशी. ‘तुझा पुत्र आज एकटा नाही, या मातीची सारी लेकरं त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत.’ ‘माझ्यासाठी अश्रू ढाळू नकोस.’ भय नव्हतं. थंडी ठेवली, पण तिला ‘बोचरी’ केलं. डबा काढला. गेट काढलं. शेवटी त्याच्या तोंडी कॉलेजचे आभार घातले — ‘या विद्यामंदिरानं मला मातृभूमीचा अर्थ शिकवला.’ ते वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचून पाहिलं. चांगलं झालंय, असं वाटलं. मला लाज नाही वाटली, हे सांगायला पाहिजे. समाधान वाटलं.

प्राचार्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. वसंतचं नाव लागलं. फलकावर सगळ्यात शेवटी, हुद्द्यांच्या उतरत्या क्रमानं — पण लागलं. आणि पत्र स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापायचं, कार्यक्रमात वाचायचं, असं ठरलं.

वाचायला तिसऱ्या वर्षाची एक गोड गळ्याची मुलगी निवडली होती. मीच तिची तयारी करून घेतली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. हॉल गच्च भरला होता. पाचपैकी तीन अधिकारी आले होते, पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीतले. त्यांच्या शेजारी एक खुर्ची सोडून वसंतची आई आणि बहीण. आईला आणायला कॉलेजची गाडी पाठवली होती. बारीक चणीची बाई, फिकी सुती साडी, पायात नव्या चपला — त्या चावत असाव्यात, कारण बसल्यावर तिनं त्या हळूच काढून खुर्चीखाली सरकवल्या.

पत्र वाचून झालं तेव्हा हॉलमध्ये बायका रडत होत्या. एक अधिकारी उभा राहिला, मग सगळेच उभे राहिले. मी विंगेतून बघत होते. वसंतची आई रडत नव्हती. ती वाचणाऱ्या मुलीकडे मान थोडी तिरकी करून बघत होती. रस्त्यात परक्या गावचं कोणी काही विचारतं आणि आपल्याला नीट कळत नाही — तसं.

चहाच्या वेळी बहिणीनं तिला माझ्याकडे आणलं. बहिणीचं नाव सुलभा. ती कुठल्याशा ऑफिसात टायपिस्ट होती. म्हणाली, "मॅडम, आयेला तुम्हाला काहीतरी विचारायचंय." आणि ती चहा आणायला गेली. आम्ही दोघीच जिन्यापाशी, फलकाजवळ.

बाईनं आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "बाय, ह्यां वसंतान लिवलां?"

मी म्हटलं, "हो."

"माका माते म्हणालो?" तिला थोडं हसू आलं. "तो माका आये म्हणायचो."

मी काहीतरी बोलले. पत्रात माणसं जरा वेगळं लिहितात, असं काही.

तिनं मान हलवली. मग एक पायरी माझ्या जवळ येऊन, अगदी हळू आवाजात विचारलं, "आणखी काय लिवलेलां होतां? माझ्यासाठी?"

इथे थांबते जरा.

ती काय विचारत होती, ते मला त्या क्षणी नीट कळलं होतं. मला कळलं नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. डबा घेऊन ती ज्या गेटवर आली होती, त्याच गेटमधून आज कॉलेजच्या गाडीतून आत आली होती. तेरा-चौदा वर्षं तिनं काहीतरी मनात धरलं होतं, आणि त्याचं उत्तर त्या निळ्या कागदावर होतं, आणि तो कागद विभागाच्या कपाटात होता — जिना चढून डावीकडची तिसरी खोली. किल्ली माझ्या पर्समध्ये. तिला हाताला धरून वर न्यायचं होतं. पाच मिनिटांचं काम. पण मग प्राचार्यांना काय सांगायचं? छापून वाटलेल्या स्मरणिकेचं काय? उभ्या राहिलेल्या हॉलचं काय? माझ्या जूनचं काय?

मी म्हटलं, "नाही हो. एवढंच होतं."

"कागद बघूक गावात?" मूळ कागद बघायला मिळेल का, असं ती विचारत होती.

"छापायला दिला होता. प्रेसकडून परत आला नाही अजून."

ती काही वेळ फलकाकडे बघत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलंही नाही, त्यातलं कुठलं नाव त्याचं. मग पदर सारखा केला आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "थंय जावन बदललो म्हणाचो."

तिकडे जाऊन बदलला म्हणायचा. एवढं म्हणून ती सुलभाकडे गेली.

पुढच्या जूनमध्ये मला कायम केलं. त्या पत्रामुळे केलं, असं म्हणता येणार नाही. त्या पत्राचा काही संबंध नव्हता, असंही म्हणता येणार नाही. दर डिसेंबरात फलकासमोर कार्यक्रम व्हायला लागला, आणि दरवर्षी ते पत्र वाचलं जाऊ लागलं. वाचणारी मुलं निवडायचं आणि त्यांच्याकडून तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडेच. ‘या विद्यामंदिरानं’ म्हणताना छाती थोडी पुढे काढ, असं मी शिकवायची.

तुम्ही विचाराल, खऱ्या पत्राचं काय केलं? फाडलं नाही. कपाटातून घरी आणलं आणि साड्यांच्या खणात तळाशी ठेवलं. ठेवून काय करणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. चार वर्षं गेली. दर दिवाळीला खण आवरताना ते हाताला लागायचं आणि मी वाटायला द्यायच्या साड्या वेगळ्या काढत असल्यासारखी घाईघाईनं त्यावर दुसरं काही ठेवायची.

चौथ्या वर्षी पत्र वाचायला निवडलेल्या मुलीनं मला सरळ विचारलं, "मॅडम, याची आई भांडुपलाच राहते ना? तिला एकदा भेटून आले तर वाचताना जास्त फील येईल." मी म्हटलं, काही गरज नाही, उगाच म्हातारीला त्रास. मुलगी वर्गात गेली. ती भांडुपला गेलीच तर? म्हातारी तिला काय सांगेल? — खरं तेच सांगते: मी भांडुपला गेले ती पश्चात्तापानं नाही, आधी भीतीनं गेले. पत्र मात्र पर्समध्ये घेतलं होतं. का घेतलं, त्याचं एकच एक उत्तर मला देता येत नाही.

सकाळची वेळ. टेकडीच्या पायऱ्या चढून दम लागला होता. चाळीत नळाला पाणी आलेलं, बायका हंडे लावून उभ्या. दार सुलभानं उघडलं. तिनं मला ओळखलं, चेहऱ्यावर आश्चर्य. आई कुठे आहेत, मी विचारलं.

"आये गेली, मॅडम. सात महिने झाले."

आत भिंतीवर दोन फोटो होते. वसंतचा फोटो मी पहिल्यांदाच मोठा पाहत होते. स्मरणिकेत आम्ही टपाल तिकिटाएवढा छापला होता. मी तेव्हा परत फिरू शकले असते. सांत्वनाचे दोन शब्द बोलून पायऱ्या उतरू शकले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. मी पर्स उघडली आणि पत्र तिच्या हातात दिलं.

तिनं उभ्या उभ्या वाचलं. अक्षर ओळखल्यावर तिनं एकदा दाराच्या चौकटीला हात लावला. शेवटच्या ओळींपाशी पुन्हा वर गेली, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कधी मिळालं तुम्हाला?"

"कार्यक्रमाच्या आधी."

"आधी?"

"हो."

"मग कॉलेजात वाचलं ते?"

"ते मी लिहिलं होतं."

ती रडेल, ओरडेल, मला असं काहीतरी वाटलं होतं. ती पत्राची घडी जुन्या घड्यांवरच पुन्हा घालत राहिली. म्हणाली, "आये रोज त्याच्या गोष्टी सांगायची. चाळीत कोणी नवीन बिऱ्हाड आलं की आधी वसंत सांगायची. कसा उपडा पडून झोपायचा, कसा बांगड्याचं डोकं मलाच हवं म्हणून भांडायचा. त्या कार्यक्रमाहून आली आणि थांबली. कोणी विषय काढला तर म्हणायची, तो मोठो माणूस झालो, आता माका काय समाजता त्याचा."

मी उभी होते. बसा, असं तिनं म्हटलं नव्हतं.

"गेटची गोष्ट तिनं मला कधीच सांगितली नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, ही त्या कॉलेजच्या रस्त्यानं जायला नको का म्हणते?" मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मराठीच शिकवता ना, मॅडम?"

मी हो म्हटलं.

"ते दुसरं अजून वाचतात?"

"दरवर्षी."

"बंद करा ते."

"करीन," मी म्हटलं.

तिनं पत्र आत नेऊन ठेवलं आणि परत दारात आली. मी जाण्याची वाट बघत होती. मी निघाले.

मी ते बंद केलं नाही. एकदा प्राचार्यांच्या खोलीबाहेर जाऊन बाकावर बसले होते. शिपायानं काय काम आहे विचारलं, तर सुट्टीचा अर्ज द्यायचाय म्हटलं. पुढे प्राचार्य बदलले, नवीन माणसाला सांगणं सोपं होतं — सांगितलं नाही. मग मीच विभागप्रमुख झाले. तेव्हा तर कुणाला सांगायचीही गरज नव्हती. नुसतं कार्यक्रमपत्रिकेतून एक ओळ काढायची होती. दरवर्षी ती पत्रिका माझ्या सहीनं छापायला जायची.

निवृत्तीच्या वर्षीही डिसेंबरात कार्यक्रम झाला. मी पहिल्या रांगेत होते. एका मुलीनं पत्र वाचलं, फार छान वाचलं, आणि सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले, आणि टाळ्या वाजवल्या.